मनातल्या मनात वाचावे

अंत्यविधीच्या पुस्तिकेत सहाव्या पानावर, दोन शब्द बोलण्यासाठी बोलावलेल्यांच्या यादीत, स्वतःच्या नावापुढे छापलेला शब्द लव्हेल प्रुइटने तीनदा वाचला आणि मग चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. शब्दही तोच राहिला. श्री. लव्हेल प्रुइट, क्वार्टरबॅक. माउंट निबो बाप्टिस्ट चर्चच्या डावीकडच्या पाचव्या बाकावर, शनिवारी सकाळी दहा चाळीसला, त्याला जे वाटले त्याला दुःख म्हणता आले नसते. टोलीडोच्या काच-प्रयोगशाळेत एकतीस वर्षे तो एकच काम करत आला होता. फुटलेल्या काचेचे तुकडे मांडायचे आणि पहिली भेग नेमकी कुठे सुरू झाली ते शोधायचे. इमारतीचा मालक म्हणे, काचच वाईट होती. कारखानदार म्हणे, बसवणाऱ्याने दाबली. तुकडे दोघांचेही ऐकत नसत. छापलेल्या शब्दाच्या बाबतीत ही सोय नव्हती. चुकीचा शब्द कागदावर बरोबर शब्दाइतकाच गुळगुळीत दिसतो. मॉमी स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात लव्हेल चार वर्षे खेळला, शेवटच्या वर्षी उपकर्णधारही होता. पण खेळला तो मागच्या बचावफळीत. प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते, जो चेंडू फेकतो, ज्याचे नाव गावातल्या न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना पाठ असते, तो क्वार्टरबॅक लव्हेल नव्हता. आणि तो का नव्हता, हे समोर फुलांच्या कमानीखाली उघड्या पेटीत निजलेल्या कोच होसिया टॉलिव्हरना जितके ठाऊक होते तितके जगात दुसऱ्या कोणालाही नव्हते.

शेजारी बिस्किट बसला होता. त्याचे खरे नाव क्लिफर्ड एम्स; एका न्याहारीला त्याने पावाएवढी जाडजूड सतरा बिस्किटे खाल्ली तेव्हापासून ते नाव फक्त त्याच्या वाहन परवान्यावर उरले होते. लव्हेलने पुस्तिका त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे बघ."

"काय बघू?"

"माझ्या नावापुढे."

बिस्किटने पुस्तिका हातभर लांब धरली. "बरोबर आहे की. स्पेलिंग नीट आहे."

"मी क्वार्टरबॅक नव्हतो."

"होतास. त्या एप्रिलमध्ये."

"अठरा दिवस."

"मग? माझी पहिली बायको माझ्याकडे अकरा महिने नांदली. अजून लोक तिला माझी बायको म्हणतात. कोर्टसुद्धा म्हणतं."

"हा छापील दस्तऐवज आहे, बिस्किट. विद्यापीठाच्या संग्रहात जाणार."

"मग तुझं भलंच झालं. जाऊ दे ना बाबा. मेलेल्या माणसाच्या घरी येऊन कोणी मुद्रितं तपासतं का?"

लव्हेल उठला. प्रार्थनेला अजून पंधरा मिनिटे होती. बाहेरच्या दालनात कोचची मुलगी मार्व्हा पांढऱ्या हातमोज्यांतल्या स्वयंसेविकांना बाकांची वाटणी सांगत होती. संघ दर गुरुवारी कोचच्या घरी जेवायला जाई तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि सगळ्यांच्या ताटातल्या माशाचे कुरकुरीत शेपूट मागून खाई. आता ती शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि तो तोंड उघडण्याआधीच तिने ओळखले.

"छापणाऱ्याची चूक नाहीये ती," ती म्हणाली. "डॅडींनी सांगितलं तसंच लिहिलंय. शेवटच्या आठवड्यात सगळी पुस्तिका त्यांनी तोंडी सांगितली, कुठलं गाणं, कोण बोलणार, कोणाला बोलू द्यायचं नाही. तुझं नाव आलं तेव्हा मी म्हटलं, डॅडी, लव्हेल तर मागं खेळायचा ना? तर म्हणाले, तुला विचारलं का मी? लिही."

"शुद्धीत होते?"

"त्याच दमात म्हणाले की फ्रीजमधलं हॅम शुक्रवारच्या आत संपवा. आता शुद्धीत नव्हते असं म्हणायचं असेल तर तू म्हण."

"आणखी काही बोलले?"

"नाही. लव्हेल, तुला नको असेल तर पाद्री नाव घेतील तेव्हा मी त्यांना नुसतं नाव घ्यायला सांगते. पण लवकर सांग काय ते. माझ्यामागं सत्तर कामं आहेत."

तो बाकावर येऊन बसला आणि सवयीने शक्यता मांडू लागला. एक, ब्याऐंशी वर्षांच्या मेंदूने अठरा दिवस आणि चार वर्षे यांची अदलाबदल केली असेल. दोन, ही माफी असेल. तीन, ही थट्टा असेल. कोचच्या थट्टा कोरड्या असत आणि कळायला दोन दिवस लागत. पहिलीच्या विरोधात हॅमचा पुरावा होता. दुसरी आणि तिसरी यांत निवाडा करण्यासाठी ज्याला विचारायचे तोच साक्षीदार आता निळा टाय लावून डोळे मिटून पडला होता, आणि हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते. चाळीस वर्षे दोघे एकाच शहरात राहिले. एक शनिवार सोडून एक शनिवार एकाच केशकर्तनालयात, शेजारच्या खुर्च्यांवर, एकाच आरशासमोर बसले. हवामान झाले, गुडघे झाले, काचेचे भाव झाले, मेयर झाले. त्या एका दुपारविषयी अवाक्षर नाही. आणि आता, जेव्हा उत्तर देण्याची काही तजवीज उरली नाही, तेव्हा हा एक शब्द. लव्हेलला सर्वांत वैताग या गोष्टीचा आला की एवढा राग धरूनही मनातल्या मनातसुद्धा कोचना एकेरी म्हणणे त्याला कधी जमले नव्हते.

ती दुपार १९८४च्या एप्रिलमधली. टॉलिव्हर तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते, आणि चार महिन्यांपूर्वी मॉमी स्टेटने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले होते. त्या विद्यापीठात पहिला काळा मुख्य प्रशिक्षक, त्या स्पर्धामालिकेत पहिला, वर्तमानपत्रांनी नकाशा काढून दाखवला त्या साऱ्या टापूत पहिला. सरावाला ते टाय लावून येत आणि त्याचे टोक सदऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या गुंडीच्या मधून आत खोचत. आवाज चढवत नसत. एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगत नसत. वसंतातल्या सरावाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी चेंडू लव्हेलच्या हातात दिला आणि म्हणाले, "चालव." एकोणीस वर्षांच्या लव्हेलने तो अठरा दिवस चालवला. आजही, साठीच्या उंबरठ्यावर, कधी वाहतुकीच्या दिव्यापाशी थांबला असता चेंडूची शिवण बोटांखाली सापडल्यासारखी होई. समोर अकरा माणसे हलत, आणि कोण कुठे पोचणार हे त्यांच्याही आधी त्याला कळलेले असे. पुढे प्रयोगशाळेत त्याने पुष्कळ नेमक्या गोष्टी केल्या, पण तसे नेमके असणे पुन्हा झाले नाही. एकोणिसाव्या दिवशी कोचनी त्याला खोलीत बोलावले. टेबलावर निनावी धमक्यांच्या पत्रांचा हातभर उंच ढीग होता. त्यांतली काही त्यांनी उघडलीही नव्हती. दार लावून घेत ते म्हणाले, "उद्यापासून तू मागं. बचावात. ओफेनकॅम्प चेंडू चालवेल." लव्हेलने विचारले, तो माझ्यापेक्षा चांगला आहे का? कोच म्हणाले, "नाही." खिडकीबाहेर कोणी तरी गवत कापत होते. "या गावाच्या घशाखाली एका वेळी एकच जाईल, प्रुइट," ते म्हणाले. "या वर्षी मी. पुढच्या वर्षी तू."

पुढचे वर्ष आलेच नाही. म्हणजे आले, पण डेल ओफेनकॅम्पने त्या मोसमात आठ सामने जिंकून दिले होते, आणि आठ सामने जिंकणाऱ्या गोऱ्या पोराला बाजूला सारून काळ्या पोराला चेंडू देणारा काळा प्रशिक्षक त्या गावात दिवाळखोर नाही तर वेडा ठरला असता. ओफेनकॅम्प भला होता. त्याच्यावर धड राग धरावा एवढेही कारण त्याने कधी दिले नाही. दर नाताळात तो अजून कुत्र्याचा फोटो पाठवी. लव्हेल मागच्या फळीत उलटे धावायला शिकला. त्या जागेचे सगळे कौशल्यच ते, दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघत पाठीमागे धावायचे आणि तो काय ठरवतो त्याची वाट पाहायची. आणि दर ऑगस्टमध्ये, मोसमाच्या पहिल्या दिवशी, कोच संघाला आपली गोष्ट सांगत. अलाबामातल्या काळ्यांच्या कॉलेजात ते स्वतः क्वार्टरबॅक होते. व्यावसायिक संघाने पत्र पाठवले की ये, पण मागच्या फळीत खेळावे लागेल. ते पत्र त्यांनी फाडले आणि शाळेत गणित शिकवायला गेले. "माझी जागा मला कोणी दुसरा सांगणार नाही," असा शेवट होता. मागच्या फळीच्या बाकावर बसून लव्हेलने ती गोष्ट चार वेळा ऐकली. सांगणाऱ्याने एकदाही त्याच्याकडे पाहिले नाही, आणि एकदाही ती सांगण्याचे टाळलेही नाही.

हिशेब इतका सरळ असता तर त्याने केव्हाच मिटवला असता. पण दुसऱ्या वर्षी तो रसायनशास्त्राचे तास बुडवू लागला तेव्हा हेच कोच प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेपलीकडे टाय खोचून येऊन उभे राहू लागले. आत येत नसत, बोलत नसत. पन्नास मिनिटे उभे. तीन आठवडे. पोरे हसत. "प्रुइट, तुझी आई आली बघ." लव्हेल रसायनशास्त्रात पास झाला तो निव्वळ लाजेने, आणि त्याची सारी उपजीविका त्या लाजेवर उभी होती. ज्या माणसाने आपल्याला जागेवरून हलवले त्यानेच आपल्याला जागेवर बसवले, हे दोन्ही खरे होते, आणि ही दोन सत्ये एकमेकांना रद्द करत नव्हती की एकमेकांत मिसळत नव्हती. नुसती शेजारीशेजारी पडून होती, चाळीस वर्षे, दर दुसऱ्या शनिवारी, एका आरशात.

प्रार्थना सुरू झाली. गायकवृंद उभा राहिला, बसला. पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले होते, प्रत्येकी दोन मिनिटे, कृपया. ही विनंती या चर्चमध्ये दर अंत्यविधीला छापतात आणि ती पाळल्याचे एकही उदाहरण लव्हेलच्या पाहण्यात नव्हते. राज्याच्या विधिमंडळातली एक बाई सोनेरी शिक्क्याचा ठराव घेऊन आली. ज्याअर्थी होसिया टॉलिव्हर यांनी अमुक केले, आणि ज्याअर्थी तमुक केले, असे सात ज्याअर्थी झाल्यावर लव्हेलला त्याअर्थीची तहान लागली. मग विद्यापीठाचे जुने क्रीडासंचालक, काठी टेकत, नव्वदीचे. ते म्हणाले की टॉलिव्हर काळाच्या पुढे होते, आणि हेच त्यांनी अकरा मिनिटे निरनिराळ्या क्रियापदांनी म्हटले. 'पहिले' हा शब्द लव्हेलने एकोणीस वेळा मोजला. पहिला हा गुण नव्हे, क्रमांक आहे; तो त्या माणसाविषयी काहीच सांगत नाही, तोपर्यंत दार लावून बसलेल्यांविषयी मात्र सर्व काही सांगतो, आणि आज तेच लोक त्या शब्दाला हार घालत होते. पत्रांच्या त्या ढिगाविषयी कोणी बोलले नाही. बिस्किटने कुजबुजून विचारले, "अजून किती ज्याअर्थी राहिलेत रे? पोटात कावळे ओरडतायत." पुढच्या बाकावर कोचच्या पत्नी, ज्यांना सगळे आदराने मिस ऑर्फा म्हणत, काळ्या टोपीची जाळी चेहऱ्यावर ओढून ताठ बसल्या होत्या. आत येताना लव्हेलने त्यांचा हात हातात घेतला होता.

नंतर जीवनवृत्तान्त आला. ती पाने मोठ्याने वाचत नाहीत. मथळ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते, मनातल्या मनात वाचावे. ऑर्गन हलकेच वाजतो, आणि चारशे माणसे एकाच वेळी, ओठ न हलवता, एका माणसाचा जन्म, शाळा, लग्न, मुले वाचतात. का ते कोणी सांगत नाही. लव्हेलच्या मावशीचे मत होते की मोठ्याने वाचले तर कोणाचे नाव गाळले यावरून पेटीपाशीच भांडण लागते. पाने उलटल्याचा आवाज चर्चभर पसरला, आणि त्या आवाजात लव्हेलला एकदम कळले की कोचनी आपल्याशी नेमके हेच केले आहे. चारशे प्रती छापून त्यांनी एक वाक्य असे सांगितले होते की ते एकाच माणसाला वाचता यावे, आणि त्यानेही मनातल्या मनातच वाचावे. दोन्हीकडून पेच होता. तो शब्द स्वीकारला तर अठरा दिवसांची चार वर्षे होत होती, ती दुपार मुळात घडलीच नाही असे होत होते, आणि गवत कापण्याच्या आवाजासकट ती दुपार हीच लव्हेलची स्वतःची अशी एकमेव मालमत्ता होती. नाकारला तर चारशे माणसांसमोर, कोचच्या बायकोपोरांसमोर, त्या काठीवाल्या संचालकासमोर, पहिल्या काळ्या प्रशिक्षकाने आपल्याच काळ्या पोराला कसे बाजूला सारले ते सांगावे लागत होते. आणि संचालक ते ऐकून मान हलवणार होता, जणू तो ढीग त्याच्या टपालखोलीतून आलाच नव्हता. शेवटची चालही कोचनीच ठरवली होती. सांगितलेले दुसऱ्यांदा सांगत नसत.

"ब्रदर लव्हेल प्रुइट," पाद्रींनी पुकारले, "कोचचे क्वार्टरबॅक."

मार्व्हाने त्यांना सांगितले नव्हते, किंवा सांगायला ती विसरली होती, किंवा त्याने लवकर सांगितले नव्हते. तो पायऱ्या चढून वर गेला. खिशात दोनशे चौदा शब्दांचा कागद होता. घड्याळ लावून वाचून पाहिला होता, एक मिनिट पन्नास सेकंद. त्यात शिस्त होती, टाय होता, रसायनशास्त्राचा वर्ग होता. कागद त्याने काढलाच नाही.

"या पुस्तिकेत एक चूक आहे," तो म्हणाला.

"सांग," बोलणाऱ्याला ओ देण्याच्या चर्चमधल्या सवयीने मागून कोणी तरी म्हणाले.

"मी क्वार्टरबॅक नव्हतो. मी अठरा दिवस चेंडू चालवला. मग कोचनी मला..." इथे तो थांबला, कारण 'हलवले' आणि 'काढले' यांत फरक होता आणि त्याला त्यांतला बरोबर शब्द हवा होता.

"सावकाश, बाळा," उजवीकडच्या बाकांवरून चर्चमधली एक म्हातारी म्हणाली. "सावकाश." तिच्यामागे आणखी चारपाच बायका म्हणाल्या, सावकाश. रडू कोसळलेल्या माणसाला असे म्हणतात. तो रडत नव्हता. तो शब्द शोधत होता. आणि हे त्यांना समजावून सांगायला लागणारा वेळही रडण्यातच जमा होणार, हे कळून त्याच्या अंगाची काहिली झाली.

"मला मागं पाठवलं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगला कोणी होता म्हणून नव्हे. त्यांनीच तसं सांगितलं मला. या गावाला एका वेळी एकच काळा माणूस चालेल, असं म्हणाले. ते गाव कसं होतं हे इथं काही जणांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे." संचालकाकडे त्याने पाहिले नाही, चर्चने पाहिले. "त्यांना पत्रं येत होती. ती लिहिणाऱ्यांची नावं मला कधी कळली नाहीत. म्हणून चाळीस वर्षं मी कोचवर रागावलो. ज्यांचा पत्ता मला ठाऊक होता असे ते एकटेच होते. पण एवढं खरं आहे, आणि ते कुठं तरी मोठ्यानं म्हटलं गेलं पाहिजे. कोच चुकले होते."

हातपंखे थांबले. ऑर्गनवाल्याने, काही तरी वाजवावे की काय अशा विचाराने, पट्ट्यांवर बोटे ठेवली आणि उचलली. दुसऱ्या बाकावर मार्व्हाने डोळ्यांवर हात धरला. पुढचे वाक्य लव्हेलपाशी नव्हते. चाळीस वर्षे तो या वाक्यापर्यंत येऊन पोचायचा. त्यापलीकडे काही असेल असे त्याने कधी तपासलेच नव्हते.

"चुकलाच होता," पुढच्या बाकावरून आवाज आला.

मिस ऑर्फांनी जाळी वर सारली होती. "मी त्याच दुपारी सांगितलं त्याला. म्हटलं, होसिया, त्या पोराच्या बाबतीत तू चुकतोयस. आठ दिवस बोलले नाही त्याच्याशी. जेवण वाढायची आणि आत निघून जायची." कोणाला तरी हसू फुटले आणि त्याने ते खोकल्यात लपवले. "तुझं झालं का एवढं सांगून?"

"झालं, मॅम."

"मग आता त्याच्याबद्दल बोल. सकाळपासून ऐकतेय मी. या लोकांना काही ठाऊक नाही."

दोन मिनिटे केव्हाच संपली होती. लव्हेलच्या डोक्यात ठरवलेले काहीच नव्हते, आणि जे आले ते कुठून आले हे त्याला सांगता आले नसते.

"कोचना पोहता येत नव्हतं," तो म्हणाला.

"अजिबात," बिस्किट खालून म्हणाला.

"पाण्याची भीती वाटायची त्यांना. बस नदीच्या पुलावर चढली की ते पुढच्या आसनाची दांडी धरायचे, डोळे गच्च मिटायचे आणि आमची हजेरी घ्यायचे. सगळ्या संघाची. पूल लहान असला तर भराभर." आता हसणे बाकांमधून मागे सरकत गेले. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कोणी कधी बोललं नाही. फक्त मी... माझं नाव आलं की मी मुद्दाम गप्प बसायचो. ते एक गोष्ट दोनदा सांगत नसत, पण पुलावर सांगायचे. प्रुइट. मग परत, प्रुइट. डोळे मिटलेलेच. पुढचं नाव घ्यायचे नाहीत. खाली पाणी, आणि ते आपले प्रुइट, प्रुइट."

"आणि तू?" मिस ऑर्फांनी विचारले.

"पूल संपायच्या आत ओ द्यायचो," तो म्हणाला. "दर वेळी."